घरी व्हीगन चायनीज डंपलिंग: आवरण, सारण आणि नागपूरचा एप्रिल

गोकुळपेठी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

माझी भाची पुढच्या आठवड्यात बंगलोरहून येऊन राहिली आहे. ती आता पक्की व्हीगन आहे. दूध, दही, तूप, पनीर, मध, सगळं बंद. वरणभातावर तूप नको म्हणाली तेव्हा आमच्या आईने आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. फोनवर विचारलं काय करू तुझ्यासाठी, तर म्हणे, "मावशी, सगळे मिळून डंपलिंग करू. गाडीवरच्या मोमोसारखे नकोत, चिनी लोक घरी करतात तसे."

दहा-बारा माणसं होतील. माझे प्रश्न:

आवरणाला मैदाच हवा की कणिक चालेल? पत्ताकोबी पाणी सोडते त्याचं काय करायचं? पनीर नाही तर टोफू (सोयाबीनचं पनीर) की सोयावडी? वाफवायचे, उकळायचे की तव्यावर? घरी मोदकपात्र आहे, बांबूची टोपली नाही.

व्हीगन हे फॅड आहे का, यावर कृपया इथे चर्चा नको. ती आमच्या घरी भरपूर झाली आहे.

तर्रीवाला

नको म्हटलं की तीच होते ताई. खुर्ची घेऊन बसलो आहे.

पुणेकर_नागपुरात

फॅड म्हणत नाही, पण आपलं निम्मं जेवण आधीच व्हीगन आहे. झुणका-भाकर, ठेचा, भरली वांगी, वरण (तूप वगळून), तर्री पोहे. पाहुणीला पाटोडी रस्सा घाला. एवढ्या उन्हात मैद्याच्या पाऱ्या लाटायची हौस कशाला?

गोकुळपेठी

पाटोडी आहेच दुसऱ्या दिवशी. तिला लाटायला-भरायला सगळ्यांसोबत बसायचं आहे, नुसतं खायला नाही.

बीजिंग_ते_बुटीबोरी

कामानिमित्त काही वर्षं उत्तर चीनमध्ये होतो, सध्या मुक्काम बुटीबोरी. जरा सविस्तर लिहितो.

तिकडे घरात करतात ते च्याओत्झ. ते बहुतेक वेळा उकळत्या पाण्यात शिजवतात. वाफवतातही, पण रोजचा प्रकार उकळलेलाच. उरलेले दुसऱ्या सकाळी तव्यावर तेलात खरपूस करतात, आणि खरं सांगू का, ते जास्त छान लागतात. चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री अख्खं घर टेबलाभोवती बसतं. एक जण लाटतो, बाकीचे भरतात, आजी सगळ्यांच्या चुका काढते. जुन्या काळी सोन्याचांदीच्या लगडी होत्या, त्यांचा आकार या डंपलिंगला देतात. खाल्ले की वर्षभर पैसा येतो अशी समजूत. दक्षिणेकडे नववर्षाला याचं एवढं प्रस्थ नाही, हा उत्तरेच्या गव्हाच्या पट्ट्यातला प्रकार.

पीठ: ३०० ग्रॅम मैदा, १५० मिली साधं पाणी, पाव चमचा मीठ. मोहन नाही, तेल नाही. पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळायचं, अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवायचं, पुन्हा मळून पुन्हा थोडा वेळ ठेवायचं. एवढ्यात ३५ ते ४० पाऱ्या होतात. जेवण म्हणून खायचे तर माणशी १२-१५ लागतात, म्हणजे दहा-बारा जणांना किलो-दीड किलो मैदा धरा.

शिजवणं: मोठ्या गंजात (पातेल्यात) भरपूर पाणी. डंपलिंग सोडले की लगेच झाऱ्याच्या पाठीने तळापासून हलवायचं, नाहीतर बुडाला चिकटतात. उकळी आली की वाटीभर गार पाणी घालायचं. मांसाचं सारण असेल तर असं तीनदा करतात. तुमचं सारण भाजीचं आहे, एक-दोनदा पुरे. वर येऊन फुगले की काढा.

आणि एक सावधगिरी. तिकडे हॉटेलात मांसाशिवाय म्हणून जे डंपलिंग मिळतात, त्यांत पातीबरोबर बहुधा अंडं असतं. तिकडची कृती पाहून करणार असाल तर यादी नीट वाचा.

तर्रीवाला

हे डंपलिंग एका वैद्यबुवांनी शोधले ना? कुठेतरी वाचलं होतं.

बीजिंग_ते_बुटीबोरी

दंतकथा आहे. हान काळातले, म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीचे, चांग चोंगचिंग नावाचे वैद्य. थंडीने गरिबांचे कान फुटत होते, तेव्हा त्यांनी मांस आणि औषधी मसाले कणकेत गुंडाळून कानाच्या आकाराचे गोळे केले आणि रश्शासकट वाटले, अशी गोष्ट सांगतात. पुरावा मात्र वेगळीकडचा आहे. वायव्य चीनच्या शिंच्यांगमध्ये तुर्फानजवळ अस्ताना इथल्या थडग्यांत थांग काळातले खरेखुरे डंपलिंग सापडले आहेत. वाळवंटातल्या कोरड्या हवेने वाळून बाराशे-तेराशे वर्षं टिकले.

तर्रीवाला

मग ताई, काही उरले तर गच्चीवर ठेवा. नागपूरची एप्रिलची हवा तुर्फानपेक्षा कमी नाही. पुढच्या हजार वर्षांची सोय.

उकडीची_काकू

हसण्यावारी नेऊ नका, खरी अडचण तीच आहे. गोकुळपेठीताई, लाटायला बसाल तेव्हा कूलर बंद करा किंवा त्याचं तोंड दुसरीकडे फिरवा. माझी सून परवा मोमो करत होती. पारी लाटून ताटात ठेवली आणि कूलरचा झोत बरोबर ताटावर. दुसरी लाटेपर्यंत पहिलीची कड पापडासारखी कडक झाली, दुमडली तर चरकन फुटली. मग कितीही पाणी लावा, ती कड मिटत नाही. एका वेळी पाचसहाच पाऱ्या लाटायच्या, ओलं फडकं पिळून त्यावर झाकायचं. गोळ्यांवरही फडकं. फडकं निथळतं नको, नाहीतर पाऱ्या एकमेकींना चिकटतात.

लाटायचं कसं: डाव्या हाताने पारी फिरवत राहायची आणि उजव्या हाताने लाटणं फक्त कडेपासून मध्यापर्यंत आणायचं. कडा पातळ, मध्ये जाड. कडा दोन्हीकडून जोडल्या की तिथे दुप्पट जाडी होते, म्हणून आधीच पातळ हव्यात. आणि बूड जाड असेल तर सारणाच्या ओलीने फाटत नाही. पोळपाटावरचं नेहमीचं लाटणं जड पडतं, पोरांच्या भातुकलीतलं छोटं असेल तर काढा.

पत्ताकोबी अगदी बारीक चिरून मीठ लावून वीस मिनिटं ठेवायची आणि फडक्यात घालून मरेस्तोवर पिळायची. याला पर्याय नाही.

बीजिंग_ते_बुटीबोरी

काकू, पर्याय आहे. चिरलेल्या भाजीला आधी तेल चोळायचं, मीठ आणि सोया सॉस अगदी भरायच्या वेळी. तेलाचा थर बसला की पाणी लवकर सुटत नाही. पिळली तर भाजीचा गोडवा पाण्याबरोबर मोरीत जातो.

उकडीची_काकू

तुमच्याकडे भरायला चार चिनी बाया असतील. आमच्याकडे एक नणंद, दोन पोरं आणि एक नवरा जो "झालं का" विचारायला येतो. दीड तास सारण पडून राहतं. तेल लावा नाहीतर तूप लावा, पाणी सुटणारच.

व्हीगन_वैदर्भी

तूप नाही काकू!! 😄

अन्नरसायन

दोघांचंही बरोबर आहे. प्रश्न वेळेचा आहे. मीठ भाजीच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. तेल मीठ आणि भाजी यांच्यामध्ये आड येतं, त्यामुळे पाणी सुटायला उशीर होतो, पण ते थांबत नाही. भरणारे हात सराईत असतील तर तेलाची पद्धत, घरचा गोतावळा असेल तर मीठ लावून पिळणं. पिळलेलं पाणी मोरीत कशाला टाकता? त्यानेच पीठ मळा, मग पिठात वेगळं मीठ नको.

आता पिठाविषयी. गार पाण्यात मळलं की ग्लूटेनची (गव्हातल्या चिवट प्रथिनाची) जाळी घट्ट होते, आवरण चिवट होतं, उकळत्या पाण्यात टिकतं. उकळतं पाणी ओतून मळलं की मैद्यातला स्टार्च तिथेच फुगतो, जास्त पाणी धरतो आणि ग्लूटेन मवाळ पडतं. असं पीठ लाटायला सोपं, वाफवायला आणि तव्यावर करायला उत्तम, उकळायला मात्र नाही, लगदा होतो. ३०० ग्रॅमला १६५ ते १८० मिली उकळतं पाणी, आधी लाटण्याच्या टोकाने ढवळायचं, हात सोसवेल तेव्हा मळायचं.

त्यामुळे "मैदा कसा मळू" हे "कसे शिजवू" ठरल्याशिवाय सांगता येत नाही. बारा जणांत निम्मे नवशिके असतील तर गरम पाण्याचं पीठ घ्या, ते चुका माफ करतं. कणिक निम्मी मिसळून तव्यावरच्यांना चालेल. उकळायला नको, कोंडा ग्लूटेनची जाळी कापतो.

पुणेकर_नागपुरात

काल फडक्यात कोबी पिळून पाहिली. फडकं हिरवं झालं, बायको लाल झाली.

गोकुळपेठी

😂 अन्नरसायन, हे फार कामाचं आहे. मग मी गरम पाण्याचं पीठ घेते आणि निम्मे वाफेवर, निम्मे तव्यावर. टोफूबद्दल कोणी सांगता का? धरमपेठेत पाकीट मिळतं, पण बारा जणांना किती पाकिटं लागतील ते मोजलं आणि गप्प बसले.

काळी_माती

ताई, पाकीट कायले घेता? सोयाबीन तं आपल्या वावरात पिकते. २०२४-२५ ले हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता, आमच्या हातात पडला त्याहून कमी. अन् त्याच सोयाबीनचं पांढरं चौकोन करून शहरात विकते तं भाव पाहून डोये पांढरे होते.

घरी करा. पावकिलो सोयाबीन रातभर भिजू घाला. सकाळी सालं चोळून काढा, पाणी घालून मिक्सरमधून बारीक काढा, फडक्यातून गाळा. ते दूध चांगलं दहा-पंधरा मिनिटं उकळा, कच्चं ठेवू नका. उतू लय जाते, तिथंच उभं राहा. खाली उतरवून थोडं थांबा अन् लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू टाका. फाटलं की फडक्यात बांधून वर पाट्याचा वरवंटा ठेवा. पनीर करता तसंच, फक्त म्हैस नाही लागत.

गाळून राहिलेला चोथा फेकू नका, भाकरीच्या पिठात घाला.

अन्नरसायन

भाऊंनी उकळायचं सांगितलं ते महत्त्वाचं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उकळल्याने निकामी होतात. उग्र वासही कमी होतो. चीनमध्ये फाडायला जिप्समही वापरतात, लिंबाने टोफू जरा भुसभुशीत होतो. सारणाला भुसभुशीतच बरा.

टोफू आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये गोठवा, मग वितळवून पिळा. आतला बर्फ छिद्रं पाडतो आणि तो स्पंजासारखा होतो, सोया सॉस छान पितो. चीनमध्येही गोठवलेला टोफू मुद्दाम करतात.

काळी_माती

जिप्सम तं आमी जमिनीत टाकतो!

अन्नरसायन

😀 तेच रसायन, कॅल्शियम सल्फेट. पण खाण्यासाठीचं वेगळं मिळतं, खताच्या पोत्यातलं घालू नका.

व्हीगन_वैदर्भी

मी स्वतः व्हीगन आहे, त्यामुळे जिथे फसवणूक होते तेवढंच सांगते.

ऑयस्टर सॉस शिंपल्यांपासून बनतो, आपल्याकडच्या कितीतरी "व्हेज चायनीज" कृतींत तो बिनधास्त सांगितलेला असतो. मशरूमचा व्हेज प्रकार मिळतो, तो घ्या किंवा सरळ गाळा. आवरणाचे तयार पत्ते घेणार असाल तर पाकिटावर अंडं आहे का पाहा, पिवळसर असतात त्यांत असू शकतं. मोमोच्या गाडीवर पांढरं मेयोनीज देतात त्यात अंडं नाहीतर दूध. बरेच जण वाफवलेल्यांवर बटर फिरवतात. साधा सोया सॉस, व्हिनेगर, तिळाचं तेल सगळं चालतं.

आणि ताई, भाचीसाठी वेगळं ताट करू नका. सगळ्यांसाठी तेच करा. वेगळं ताट आलं की सगळे तिच्याकडे पाहून राहतात.

तर्रीवाला

अजिनोमोटो व्हीगन आहे का?

व्हीगन_वैदर्भी

हो. उसाची मळी किंवा स्टार्च आंबवून बनवतात.

पुणेकर_नागपुरात

पण ते विष आहे ना. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं.

अन्नरसायन

सोसायटीच्या ग्रुपवर रोज काय काय येतं. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रश्शातून अजिनोमोटोची चव देणारा घटक, ग्लुटामेट, वेगळा काढला. तेच ग्लुटामेट टोमॅटोत आहे, मशरूममध्ये आहे, सोया सॉसमध्ये आहे. नको असेल तर घालू नका, सुके मशरूम भिजवून त्यांचं पाणी सारणात आटवा, काम होतं. पण विष वगैरे नाही.

पुणेकर_नागपुरात

ग्रुप सोडतो.

इतवारीची_लेक

मी इतवारीची, घर जैन. आमच्याकडे कांदा-लसूण नाही, आलंसुद्धा नाही, म्हणून मी हे सारे धागे नेहमी मधूनच बंद करते. पण डंपलिंगच्या बाबतीत एक गंमत कळली होती. चिनी बौद्ध मठांच्या स्वयंपाकात पाच उग्र गोष्टी वर्ज्य असतात, कांदा-लसणाची सगळी भावंडं आणि शिवाय हिंग! त्यामुळे मठातलं सारण आमच्या घरात जवळजवळ जसंच्या तसं चालतं, फक्त अद्रक आणि गाजर काढावं लागतं. मशरूमही आम्ही खात नाही. मी पत्ताकोबी, शिमला मिरची, फल्लीदाण्याचा (शेंगदाण्याचा) भरड कूट, मुगाच्या स्टार्चच्या काचेसारख्या शेवया आणि मिरपूड घालते. शेवया कोमट पाण्यात भिजवून बारीक कापायच्या. उरलेलं पाणी त्या पिऊन घेतात, म्हणून सारण कोरडं राहतं. आपल्या गव्हाच्या शेवया घालू नका, गिचका होतो.

बीजिंग_ते_बुटीबोरी

+१ शेवयांना. मांस नसलं की सारण एकजीव होत नाही, चावा घेतला की सगळं ताटात सांडतं. शेवया, कुस्करलेला टोफू आणि चमचाभर कॉर्नफ्लॉवर, या तिघांनी ते धरून राहतं.

मठांच्या शाकाहाराला मोठा जोर दिला तो लियांग घराण्याच्या सम्राट वू यांनी, सहाव्या शतकात. त्याआधी चीनमधले भिक्खू सरसकट शाकाहारी नव्हते.

झाडीपट्टी

उशिरा आलो. आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडचे. आमच्या तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासून. आमच्यासाठी मोमो काही नवीन फॅशन नव्हे, शाळेपासून खातो आहे. स्वेटर विकायला थंडीत नागपूरला येतात त्यांतले काही तिथलेच. त्यांच्या हाताच्या चुण्या पाहत बसावं.

सांगायचं होतं ते वास्त्यांबद्दल. बांबूचे कोवळे कोंब. चिनी सारणात बांबूचे कोंब घालतात असं वाचलं आणि म्हटलं, आमच्याकडे तर पावसाळ्यात वास्त्यांची भाजी घरोघरी. एप्रिलमध्ये ताजे मिळणार नाहीत, पण पाहुणी जुलै-ऑगस्टमध्ये आली तर जरूर करा. बारीक कापून उकळायचे, ते पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचे. कच्चे खायचे नाहीत, त्यात विषारी अंश असतो तो उकळल्यानेच जातो. टोफूबरोबर कुरकुरीत लागतात. त्याच दिवसांत सात्या (रानातल्या अळंब्या) निघाल्या तर विचारूच नका.

तर्रीवाला

सात्या मिळाल्या तर डंपलिंगमध्ये घालून वाया घालवणाऱ्याला तालुक्यातून हद्दपार करा.

झाडीपट्टी

हेही खरंच.

वाळवणवाली_महाल

मी एवढा वेळ नुसती वाचत होते, आता राहवत नाही. हॉटेलात ते पारदर्शक डंपलिंग मिळतात ना, आतलं गाजर बाहेरून दिसतं, ते कशाचे असतात माहीत आहे? गव्हाच्या चिकाचे! आपला कुरडईचा चीक. माझा भाऊ हाँगकाँगला असतो, त्याने पाकिटाचा फोटो पाठवला, "गव्हाचं स्टार्च". म्हटलं, हे तर आमच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात निघतं. तीन दिवस गहू भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, रात्रभर ठेवा, वरची निवळी ओतून टाका, खाली पांढराशुभ्र चीक. महालात सध्या ज्या घरी जाल तिथे पातेल्यात तोच आहे. गोकुळपेठीताई, तुम्ही म्हणाल तर डबाभर पाठवते.

गोकुळपेठी

अगं बाई! खरंच? असं कोणी करून पाहिलं आहे का?

अन्नरसायन

तत्त्व बरोबर आहे. ते कॅन्टनी (ग्वांगझू-हाँगकाँगकडच्या) पद्धतीचे, मूळचे कोळंबीचे, 'हार गाव' नावाचे डंपलिंग. आवरण गव्हाच्या स्टार्चचं, त्यात टॅपिओका. ग्लूटेन निघून गेलेलं असतं म्हणून वाफवल्यावर पारदर्शक दिसतं. पण घरच्या चिकात तीन अडचणी आहेत.

पहिली, तो तीन दिवस भिजून आंबतो. कुरडईत तो आंबूसपणा आवडतो, डंपलिंगमध्ये जाणवेल. दोन-तीनदा ताज्या पाण्यात ढवळून, निवळू देऊन पाणी ओतलं तर बराच जातो. दुसरी, तो ओला असतो, पाण्याचं प्रमाण कळत नाही. ताटात पसरून पूर्ण वाळवा, चाळा, मग मोजा. आत्ताच्या उन्हात काही तासांचं काम. तिसरी, टॅपिओका म्हणून कोणी साबुदाणा दळून घालू नका. साबुदाणा टॅपिओकाचाच, पण दाणे करताना तो भाजला जातो, स्टार्च अर्धवट शिजलेला असतो. पीठ चिकट होतं. त्याऐवजी आरारूट किंवा कॉर्नफ्लॉवर.

दोन भाग वाळलेला चीक, एक भाग आरारूट, चिमूटभर मीठ. खळखळतं पाणी एकदम ओतायचं, झाकण, पाच मिनिटं. मग चमचाभर तेल घालून मळायचं. पाणी खळखळतं नसेल तर पीठ जमणारच नाही, दुधासारखं वाहत राहील. लाटताना ताणू नका, ग्लूटेन नाही, फाटतं. प्लास्टिकच्या दोन कागदांत दाबा, पुरीयंत्र असेल तर फार छान.

उकडीची_काकू

म्हणजे उकडीच्या मोदकाचाच हात. हे मला सोपं, ते मैद्याचं तुम्ही करा.

चुण्या किती घालतात?

बीजिंग_ते_बुटीबोरी

किमान सात तरी हव्यात असं कॅन्टनी लोक सांगतात, दहाच्या वर गेल्या तर हात कसलेला.

उकडीची_काकू

सात? सात तर माझी नात घालते.

तर्रीवाला

काकूंना ग्वांगझूला पाठवा रे कोणी.

बरं, चटणीचं काय? माझं म्हणणं, सावजीची तर्री वाटीत द्या आणि विषय संपवा.

पुणेकर_नागपुरात

मग डंपलिंगची चव कळणार कशी?

तर्रीवाला

कळायची गरजच काय?

झाडीपट्टी

मिरचीचं तेल करा. भिवापुरी मिरची सुकी, बिया काढून भरड कुटलेली, काचेच्या नाही, स्टीलच्या वाटग्यात. त्यात पांढरे तीळ, मीठ. शेंगदाण्याचं तेल गरम करून, धूर निघाला तर गॅस बंद करून मिनिटभर थांबून, मग थोडं थोडं ओतायचं. एकदम ओतलं की मिरची काळी पडते आणि घरभर खोकला. एका दिवसाने रंग चढतो.

बीजिंग_ते_बुटीबोरी

तिकडे चटणी अगदी साधी. तांदळापासून बनलेलं काळं व्हिनेगर, सोया सॉस, वरून मिरचीचं तेल. सिचुआनी मिरीची जीभ बधिर करणारी झणझण हवी असेल तर कोकणातलं तिरफळ त्याच कुळातलं आहे. दाणा फेकून टरफल भाजून कुटायचं. नागपुरात शोधावं लागेल, कोकणातल्या कोणाला तरी सांगून मागवा. आणि तिळाचं तेल तिकडचं भाजलेल्या तिळाचं असतं, म्हणून वास येतो. आपलं कच्च्या तिळाचं. चमचाभर तीळ भाजून कुटून आपल्याच तेलात घातले तरी बऱ्यापैकी जमतं.

काळी_माती

ताई, झाले का डंपलिंग? आमी वाट पाहून राहिलो.

गोकुळपेठी

झाले भाऊ, परवा रविवारी! सगळ्यांचे मनापासून आभार. वृत्तांत देते.

पीठ गरम पाण्याचं. सारण दोन प्रकारचं केलं: एक पत्ताकोबी, गोठवून पिळलेला टोफू, गाजर, अद्रक, हिरवा सांबार (कोथिंबीर); दुसरं इतवारीच्या ताईंचं शेवया-फल्लीदाण्याचं. टोफू घरचा, काळी_माती भाऊंच्या पद्धतीने. आईने वरवंटा ठेवताना विचारलं की पनीर आहे का, आणि नाही म्हटल्यावर चाखून म्हणाली, "मीठ नाही याला."

कूलर बंद ठेवला, घामाने निथळलो, पण एकही पारी फुटली नाही. पत्ताकोबी पिळायचं काम मोठ्या भावाला दिलं. त्याला काहीतरी ताकदीचं काम हवंच असतं.

मोदकपात्रात चाळणीवर पत्ताकोबीची पानं अंथरून वाफवले, दहा मिनिटं. तव्यावरचे असे: तेल, खालचा भाग सोनेरी, मग डंपलिंगच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी, झाकण, सहा-सात मिनिटं, झाकण काढून पाणी आटेपर्यंत. पाण्यात चमचाभर मैदा मिसळला तर खाली जाळीदार कुरकुरीत पापडी येते, हे भाचीने दाखवलं. ती पापडी खायला पोरांची भांडणं लागली.

चिकाचे थोडेच केले. वाळवणवालीताईंचा डबा आला होता. धुतल्यावरही किंचित आंबूस लागले, पण गाजराचा केशरी रंग आरपार दिसत होता. आईने एक उचलून खिडकीकडे धरला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "हे तर कुरडईचं पोर." तिने तेवढेच खाल्ले, मैद्याचे नाही. माझं मत विचाराल तर तव्यावरचे सगळ्यांत उत्तम, चिकाचे दिसायला, आणि वाफवलेले तिसरे.

उकडीची_काकू

चुण्या?

गोकुळपेठी

काकू, मोजल्या नाहीत. काहींना तर तोंडच नीट नव्हतं.

एक राहिलं. बरेच कच्चे उरले होते, भाची म्हणाली फ्रीजरमध्ये ठेव. एका डब्यात भरले तर चिकटतील ना? आणि करताना आधी बाहेर काढून ठेवायचे का?

अन्नरसायन

ताटाला मैदा भुरभुरून एकमेकांना न लागता मांडा आणि ताटच फ्रीजरमध्ये. दगडासारखे झाले की मग पिशवीत. करताना वितळवायचे नाहीत, आवरण ओलं होऊन फाटतं. गोठलेलेच थेट तव्यावर, पाणी जरा जास्त आणि वेळ दोन-तीन मिनिटं वाढवून. चिकाचे मात्र गोठवू नका, तडे जातात. ते त्याच दिवशी संपवा.

वाळवणवाली_महाल

चिकाचा डबा परत कधी देता ताई? कुरडया घालायच्या आहेत अजून.